आपल्या नावाची राखण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा कार्यकारिणीने मला 'आपल्या मालाचे नाव आणि ते दुसऱ्याला वापरायला देणे' या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. कायद्याची भाषा मला येत नाही. परंतु गेले दोन महिने मी मुलीकडून बरेच वाचून घेतले, एका वकीलसाहेबांना मंडळात बोलावून आपण सर्वांनीच प्रश्न विचारले, आणि त्यातून जे उमगले ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करते. कुठे कमी पडले तर सांभाळून घ्यावे.

हा विषय आताच का निघाला, ते सभासदांना ठाऊक आहे. पाहुण्या भगिनींसाठी सांगते. आपले मंडळ उन्हाळ्यात वाळवण घालते. उडदाचे आणि ज्वारीचे पापड, कुरड्या, मुगवड्या, शिवाय वर्षभर काळा मसाला आणि लोणची. पाकिटावर मंडळाचे नाव असते आणि शेजारी साळुंकीचे चित्र. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यांनी आपल्याला विचारले आहे की, या नावाने मी माझ्या भागात दोन दुकाने काढतो. माल तिकडच्याच बायकांकडून करवून घेतो. तुम्ही फक्त नाव आणि चित्र द्या. त्याबद्दल एक रक्कम आधी देईन आणि पुढे विक्रीवर हिस्सा देईन. याला हल्ली फ्रँचायझी म्हणतात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत याचा निर्णय व्हायचा आहे.

मंडळात दोन मते पडली आहेत, आणि ती लपवण्याचे कारण नाही. काही जणी म्हणतात, सभागृहावर स्लॅब टाकायचा राहिला आहे, चालून आलेले पैसे का सोडा? काही जणी म्हणतात, परक्याच्या हातात नाव गेले की ते बाटलेच. आपल्या एक काकू तर म्हणाल्या, "काहून वो बाई, नावच तं द्याचं हाय, घरचं पीठ थोडंच द्याचं हाय!" सगळ्या हसलो. पण सारा प्रश्न काकूंच्या त्या वाक्यातच आहे. नाव पिठाहून स्वस्त की महाग?

आपल्या घरातल्या भांड्यांकडे पाहा. लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असते. ते कशासाठी? भांडे शेजारी गेले, कार्यात मिसळले, तरी ते कोणाचे हे कळावे म्हणून. मालावरचे नाव किंवा चित्र हेच काम करते. कायद्याने त्याला व्यापारचिन्ह म्हणतात, बाजारात ट्रेडमार्क म्हणतात, आणि जुनी माणसे 'छाप' किंवा 'मार्का' म्हणत. आपल्या खामगावला हा शब्द शिकवायला नको. आपले गाव कापसाच्या बाजाराचे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या गाठीवर प्रेसचा मार्का आणि नंबर घालण्याची रीत फार जुनी आहे. कारण दूरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर तो कोणत्या प्रेसचा हे कळले पाहिजे. आपल्या गावाला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या जिनसावर दुकानाचा शिक्का असला की घेणारी बाई निर्धास्त असते. कारण शिक्का म्हणजे उद्या बोलायला गेल्यावर ओळख देणारा माणूस.

तेव्हा नाव म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. गिऱ्हाईक पाकीट फोडून, तळून, चाखून मग पैसे देत नाही. ती आधी पैसे देते, आणि ते नावावर विश्वास ठेवून देते. म्हणून पीठ संपले तर नवे दळून आणता येते. नाव खराब झाले तर ते कोणत्याही चक्कीवर दळून मिळत नाही.

आता पहिला मुद्दा. जे नाव आपण दुसऱ्याला देऊ म्हणतो, ते आधी आपले आहे का?

हे ऐकून पुष्कळ जणींना नवल वाटेल. परंतु आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. श्रींच्या दर्शनाला येणारे भाविक आणि गाडीतले प्रवासी यांनी तिचे नाव गावोगावी नेले. आज पुण्या-मुंबईला गेले तरी 'शेगाव कचोरी' अशी पाटी दिसते. त्या सगळ्या पाट्या काही त्या एका घराच्या नाहीत. पण 'शेगाव' हे गावाचे नाव आणि 'कचोरी' हे पदार्थाचे नाव. दोन्ही शब्द सगळ्यांचे. गावाचे नाव, पदार्थाचे नाव, 'शुद्ध', 'चविष्ट', 'घरगुती' असे गुणाचे शब्द सर्वसाधारणपणे एकट्याच्या नावे नोंदवता येत नाहीत, असे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा सांगतो. दीर्घ वापराने तो शब्द एकाच्याच मालाची खूण झाला आहे असे सिद्ध करता आले, तरच त्याला अपवाद. म्हणून त्या घराने आपली ओळख स्वतःच्या नावाच्या आधाराने राखली.

गावाच्या नावासाठी वेगळा कायदा आहे. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. नागपुरी संत्र्याला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला ते मिळाले आहे. पण ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे असते, एका दुकानाचे नाही. एकाने दुसऱ्याला भाड्याने द्यावे असे ते नाव नव्हे.

आता आपल्या पाकिटाकडे वळते. त्यावर मोठ्या अक्षरांत 'खामगाव', 'महिला', 'घरगुती' असे शब्द आहेत. वकीलसाहेबांनी पाकीट हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "बाई, हे तिन्ही शब्द उद्या कोणीही लिहील. तुमचे खरे धन या कोपऱ्यातली साळुंकी आहे." पापडाचा आणि साळुंकीचा काही संबंध नाही, म्हणूनच ती ओळखीला पक्की. शेजारणींची मुले दुकानात जाऊन 'साळुंकीचे पापड द्या' असेच म्हणतात, हे आपण रोज ऐकतो. पण त्याची किंमत आपल्या ध्यानी आली नव्हती.

मागच्या दिवाळीत काय झाले ते आठवा. एका गावच्या दुकानात आपल्यासारखीच पाकिटे विकायला आली. रंग तोच, अक्षरांची ठेवण तीच, फक्त साळुंकीच्या जागी तशीच दिसणारी दुसरी एक पाखरी. आतले पापड खारट आणि पापडखाराचा वास मारणारे. गिऱ्हाइकांनी बोल आपल्याला लावला. आपल्या दोघी जणी बसने तिकडे गेल्या, तर त्या दुकानदाराने 'पाखरे कोणाच्या मालकीची असतात का' असे म्हणून त्यांना वाटेला लावले. त्याला दाखवायला आपल्यापाशी कागद नव्हता.

कागद नसला म्हणजे हक्कच नाही असे मात्र नाही. नोंदणी नसली तरी, आपल्या नावाचा आभास करून दुसरा कोणी माल खपवत असेल तर कोर्टात दाद मागता येते. परंतु त्यासाठी आपले नाव किती वर्षांचे, कुठवर पोचलेले, लोक ते कसे ओळखतात, हे सारे आपणच शाबीत करावे लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र असले तर निम्मी लढाई तिथेच संपते.

नोंदणीचे काम कसे चालते, तेही सांगते. ट्रेडमार्क कार्यालयाचे मुख्य ठिकाण मुंबईला आहे. पण अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. जगातल्या सर्व मालाचे आणि सेवांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत, आणि ज्या वर्गात नोंदणी कराल त्याच वर्गात ती मुख्यतः कामाला येते. मसाले तिसाव्या वर्गात, लोणची एकोणतिसाव्या वर्गात. उद्या कोणी आपल्या नावाने उपाहारगृह काढणार असेल तर तो त्रेचाळिसावा वर्ग. दर वर्गाला वेगळी फी. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना ४५०० रुपये, इतरांना ९००० रुपये. अर्ज तपासून झाला की तो सरकारी जर्नलमध्ये छापतात, आणि कोणाची हरकत असेल तर ती घ्यायला चार महिने मिळतात. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात, दहा वर्षे चालते, आणि पुढे दर दहा वर्षांनी फी भरून वाढवता येते. मात्र नाव नोंदवून पाच वर्षांहून जास्त नुसते पेटीत ठेवले, तर कोणी अर्ज करून ते काढून टाकायला लावू शकतो. नोंदणी होण्याआधी पाकिटावर वर्तुळातले 'आर' हे इंग्रजी अक्षर छापू नये. खोटी नोंदणी सांगितल्याबद्दल कायद्याने दंड आहे.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याच्या. पहिली, अर्ज मंडळाच्या नावे करावा, कोणा एकीच्या नावे नव्हे. माणसे येतात, जातात, रुसतात, मंडळ राहते. दुसरी, जुनी बिले, जुनी पाकिटे, प्रदर्शनांतले फोटो, जाहिरातीचे कागद, तारखांसह जपून ठेवावेत. आपण कधीपासून हे चित्र वापरतो याचा तोच पुरावा. ज्यांच्याकडे पहिल्या वर्षीची पाकिटे असतील त्यांनी ती रद्दीत न घालता कार्यालयात आणून द्यावीत, ही विनंती.

आणि अर्ज व्यापाऱ्यांना होकार देण्याआधी करावा. पुष्कळ ठिकाणी असे घडते की, नाव वापरायला घेणाराच ते आपल्या नावे नोंदवून मोकळा होतो, आणि मूळ मालकाला स्वतःच्याच नावासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्याकडे चालून आलेले गृहस्थ तसे आहेत असे मी म्हणत नाही. पण कुलूप काही चोर ओळखून लावत नाहीत.

आता दुसरा मुद्दा. नाव आपले झाले. मग ते द्यावे कसे?

नाव देऊन धंदा वाढवण्याची रीत नवी नाही. अमेरिकेतल्या सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या काळात शिवणयंत्रे विकण्याचे हक्क गावोगावच्या माणसांना देऊन आपला पसारा वाढवला, आणि ते नाव आपल्या आज्यांच्या खोलीपर्यंत पोचले. तेव्हा नाव देण्यात पाप काही नाही. प्रश्न आहे तो दिल्यानंतर आपण हात ठेवतो की काढून घेतो याचा.

बायकांच्या हातून उभा राहिलेला सर्वांत मोठा धडा लिज्जत पापडाचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव १९६२ साली सभासदांतच स्पर्धा लावून निवडले, आणि सुचवणाऱ्या बहिणीला पाच रुपये बक्षीस मिळाले. पाच रुपयांचे ते नाव आज देशभर आणि परदेशातही चालते. त्या पहिल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता नीट पाहा, त्यांनी नाव भाड्याने दिले नाही. त्यांनी स्वतःच्या शाखा काढल्या, आणि तिथली लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार केली. उडदाचे पीठ आणि जिन्नस मध्यवर्ती ठिकाणाहून शाखांना जातात. शाखेत पीठ मळून बहिणींना देतात, त्या घरी लाटून आणतात, आणि आणलेला पापड तपासून घेतात. म्हणून कोणत्याही गावचे पाकीट घ्या, चव तीच लागते. नाव पसरले, पण पिठाचा डबा त्यांनी आपल्या हातात ठेवला.

याच्या उलट, नाव एक आणि घरे अनेक झाली म्हणजे काय होते, ते आपल्या विदर्भातल्या ओळखीच्या नावावरून सांगते. नागपूरहून येताना आपण हल्दीरामची संत्रा बर्फी आणतो. ते नाव मूळ बिकानेरच्या अग्रवाल घराण्याचे. घराण्याच्या शाखा कोलकात्याला, नागपूरला, दिल्लीला झाल्या. १९७४ साली भागीदारी मोडताना असे लिहून ठरले की, पश्चिम बंगालपुरते नाव एका शाखेचे, आणि उरलेल्या भारतासाठी दुसऱ्या बाजूचे. १९९१ साली कोलकात्याच्या बाजूने दिल्लीत करोलबागेकडे त्याच नावाचे दुकान उघडले आणि खटला उभा राहिला. त्यातला एक मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००० साली निकाली निघाला. बाकीचे भांडण त्यानंतरही चालले. एका रक्ताच्या, एका नावाच्या माणसांत जर हद्दीवरून इतकी वर्षे जातात, तर परक्या माणसाशी 'तुमच्या भागात दुकान काढा' एवढे तोंडी बोलून कसे भागेल? 'तुमचा भाग' म्हणजे कोणते गाव, कोणता रस्ता, किती दुकाने, हे कागदावर पाहिजे. बरे, नाव नीट सांभाळले तर त्याचे मोल किती वाढते, तेही याच घराण्यावरून दिसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली हायकोर्टाने हल्दीराम हे सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह असल्याचे जाहीर केले.

आपल्या देशात फ्रँचायझीचा म्हणून स्वतंत्र कायदा नाही. दोघांत जो लेखी करार होईल तोच मुख्य आधार, आणि मागे ट्रेडमार्क कायदा व करार कायदा. म्हणून करार कसा असावा हे नीट समजून घेतले पाहिजे. भगिनींनो, याचा नमुना शोधायला आपल्याला मुंबईला जायला नको. तो आपल्या कपाटात आहे. मंडळाची मोठी भांडी आपण कार्याला देतो ना? पातेली, पराती, झारे, ताटे-वाट्या. त्यांची वही आपण वर्षानुवर्षे चोख ठेवली आहे. त्या वहीतले रकाने आठवा.

पहिला रकाना, कोणाला दिले. नाव वापरायची परवानगी त्या गृहस्थांना, आणि फक्त त्यांना. ज्याने पातेले नेले त्याने ते परस्पर तिसऱ्याला द्यायचे नाही, हा आपला नियम आहे. तोच इथे लावावा.

दुसरा रकाना, काय आणि किती दिले. कोणत्या मालावर नाव लावायचे? मसाला आणि पापड म्हटले तर तेवढेच. उद्या त्याच साळुंकीखाली फरसाण किंवा आइस्क्रीम निघता कामा नये. चित्राचा रंग, आकार, अक्षरांची ठेवण यांचा नमुना कराराला जोडावा, आणि त्यात परस्पर फेरफार चालणार नाही असे लिहावे.

तिसरा रकाना, कुठे आणि किती दिवसांसाठी. गाव, दुकानाचा पत्ता आणि मुदत.

चौथा रकाना, भांडे कशा स्थितीत दिले. आपण लिहितो, 'कल्हईचे, पोचा नाही.' इथे याचा अर्थ मालाचा दर्जा. आणि हाच सर्वांत मोठा रकाना आहे. कायद्यात परवानाधारकाची नोंद करून घेण्याची सोय आहे. तिच्या अर्जात मालकाचा वापरावर किती ताबा राहील, कोणता माल, कोणते ठिकाण, किती मुदत, हे सांगावेच लागते. मालाच्या दर्जाची अट पाळली जात नसेल, किंवा मालक ती पाळायला लावत नसेल, तर ती नोंद रद्दही होऊ शकते. म्हणजे कायदाही आपल्याला हेच सांगतो की, नाव दिलेस तर लक्ष ठेव. नाव देऊन जो झोपी जातो, त्याचे नाव हळूहळू कोणाचेच राहत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. मसाल्याचे मिश्रण आणि पापडाच्या पिठातला जिन्नस इथूनच तयार होऊन जावा. प्रमाण लिहून देऊ नये. पाकिटे आपण छापून, मोजून द्यावीत, म्हणजे किती माल खपला याचाही हिशेब आपोआप राहील. पाकिटावर माल तयार करणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा स्वतःचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापावा. आपला क्रमांक त्यांच्या मालावर चालणार नाही. महिन्यातून एकदा आपल्या दोघी जणींनी आगाऊ न कळवता जावे, नमुना आणावा, आणि इथे सगळ्यांनी तळून चाखून वहीत शेरा लिहावा.

पाचवा रकाना, अनामत आणि पोचा. अट मोडली तर किती दिवसांत सुधारायचे, न सुधारल्यास परवानगी केव्हा संपेल, नुकसानभरपाई कशी, हे आधीच लिहावे. कराराच्या काळात त्यांनी त्याच दुकानात आपल्याशी स्पर्धा करणारा दुसऱ्या छापाचा माल ठेवू नये असेही लिहिता येते. याविषयी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वकीलसाहेबांनी सांगितला. गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप ही नावे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. १९९३ साली ती कोका-कोला कंपनीकडे गेली. गुजरातमधली एक कंपनी करारावर ही पेये बाटल्यांत भरत असे. तिची मालकी प्रतिस्पर्धी पेप्सीच्या बाजूला गेली आणि तिथे दुसरी पेये भरायची वेळ आली. करार जिवंत आहे तोवर दुसऱ्याचा माल भरायचा नाही, ही अट कोर्टाने योग्य ठरवली. मात्र करार संपल्यावरही जन्मभर कोणाला धंदा करू न देण्याची अट आपल्या कायद्यात सहसा टिकत नाही. तसे मागणेही बरे नव्हे. पोट सगळ्यांना आहे.

शेवटचा रकाना, परत केव्हा आले. भांडे परत आले की आपण मोजून, उजेडात फिरवून घेतो. नावाचेही तसेच करावे. करार संपला की पाटी उतरवायची, उरलेली पाकिटे परत, ठसे परत, आणि मोबाईलवर आपल्या नावाने काढलेले खाते व फोन नंबर मंडळाच्या हवाली. ही खाती पहिल्यापासून मंडळाच्याच नावे काढली तर पुढचा त्रास वाचेल. या रकान्याची लाज धरू नये. मुलीचे लग्न ठरवताना मोडण्याचे बोलू नये हे खरे. पण हे लग्न नव्हे, हा व्यवहार आहे.

काही भगिनी विचारतात, एवढे सगळे लिहून मागितले तर ते गृहस्थ बिचकून निघून जातील, मग स्लॅबचे काय? त्यांना मी आदराने सांगते, जो माणूस आपल्या नावावर पैसे मिळवू इच्छितो, त्याला ते नाव खराब होऊ नये असेच वाटले पाहिजे. त्याला अटी जड वाटत असतील तर त्याला आपले नाव नको, नुसते चित्र पाहिजे. आणि ज्या भगिनी म्हणतात की नाव कोणाला देऊच नये, त्यांना मी विचारते, तिकडच्या वीस-पंचवीस बायकांना घरबसल्या काम मिळत असेल, तर आपल्या भांड्याचा कार्याला उपयोग का होऊ नये? कपाटात ठेवलेले भांडेही काळे पडतेच.

आपले नाव काही एका दिवसात झालेले नाही. उन्हात गच्चीवर धोतरे पसरून, कावळे हाकत, हाताला मिरचीची आग होत असताना आपल्यातल्या कित्येक जणींनी ते मिळवले. काही आज आपल्यात नाहीत. स्लॅबसाठी मिळणारी रक्कम एकदा येईल. ते नाव मात्र पुढच्या मुलींना वर्षानुवर्षे काम देईल. तेव्हा रक्कम किती हे पाहण्याआधी कागद कसा आहे हे पाहावे.

सर्वसाधारण सभेपुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. मंडळाच्या नावे साळुंकीच्या चित्राचा अर्ज मसाला-पापडासाठी आणि लोणच्यासाठी ताबडतोब करावा. त्यानंतरच त्या गृहस्थांशी बोलावे, आणि दोन नव्हे, एकच दुकान, एक वर्षापुरते, लेखी करारावर द्यावे. तपासणीसाठी पाच जणींची समिती नेमावी, त्यात निदान दोघी तरुण असाव्यात, म्हणजे हे ज्ञान पुढे चालेल. यावर आपण सर्वांनी घरी विचार करावा, घरच्या माणसांशीही बोलावे, आणि सभेला अवश्य यावे. विरोधी मत असले तरी यावे. न आलेल्या मताचा उपयोग होत नाही.